शेजारचे अरण्य, दूरची रांग

चोपड्याहून उत्तरेकडे पाहिले की सातपुड्याची निळी रेघ दिसते. ती गच्चीवरून दिसते, शेताच्या बांधावरून दिसते, एस.टी.च्या खिडकीतून दिसते; आणि रोज दिसणाऱ्या गोष्टीचे जे होते तेच तिचेही झाले आहे. फाल्गुन लागून सुटीचे बेत सुरू झाले की शिक्षकांच्या खोलीत, तहसील कचेरीत आणि बँकेच्या काउंटरामागे विचारले जाते ते निराळेच. यंदा कोणते राष्ट्रीय उद्यान? ताडोबाचे आरक्षण मिळेल काय? पेंचला कोणाची ओळख आहे काय? मेळघाट त्यातल्या त्यात जवळ, पण तेथे वाघ दिसतो काय? या प्रश्नांच्या शेवटी एक अट हमखास घातली जाते. गर्दी मात्र नको.

ही अट घालणारे सगळेच जण एकाच दिवशी, एकाच फाटकाशी, पहाटे पाच वाजता उभे असतात, ही या विषयातील पहिली गंमत होय. गर्दी नावाची कोणी परकी जमात नाही. ती आपल्याच रजेच्या अर्जांतून तयार होते.

याचे मूळ पुष्कळसे आपल्या वर्षाच्या आखणीत आहे. वसंतातील सुटी असा प्रकार महाराष्ट्रातील शाळांच्या वेळापत्रकात नाही. वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये चालतात, निकाल लागतात आणि मे महिन्यात सारे राज्य एकदम मोकळे होते. तोपर्यंत खानदेशात वसंत कधीच संपलेला असतो. जळगावचा पारा ४४ अंशांच्या पुढे गेलेला असतो आणि दुपारी रस्त्यावर कुत्रेही फिरत नाही. ज्याला खऱ्या अर्थाने वसंत म्हणावे तो काळ होळीपासून चैत्राच्या मध्यापर्यंतचा. त्या काळात धुळवड, रंगपंचमी, पाडवा, रामनवमी आणि गुड फ्रायडे अशा सुट्या विखुरलेल्या असतात. त्यांतील एखादीला रविवार आणि एक किरकोळ रजा जोडली, तर नोकरदाराच्या हाती तीन-चार दिवस लागतात. विद्यार्थ्यांना तेवढे साधत नसेल; पण महाविद्यालयीन तरुणाला साधायला हरकत नाही.

व्याघ्र प्रकल्पांचा हंगाम मात्र याच्या उलट चालतो. जंगलातील ओढे आटले, झुडपे वाळली आणि जनावरे उरल्यासुरल्या पाणवठ्यांवर येऊ लागली, म्हणजे वाघ दिसण्याची शक्यता वाढते. म्हणून एप्रिल-मे हे ताडोबाच्या गर्दीचे महिने. ज्या महिन्यांत अरण्याचे हाल सर्वांत अधिक, त्याच महिन्यांत त्याला पाहुणे सर्वांत अधिक, असा हा उफराटा व्यवहार आहे. त्याला शाळांच्या सुटीची जोड मिळाल्यावर आरक्षणाच्या संगणकापुढे काय होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

राज्यात आज सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. ताडोबा, नवेगाव, पेंच, गुगामल, बोरिवलीचे संजय गांधी उद्यान आणि चांदोली. त्यांत ताडोबा सर्वांत जुने, १९५५ सालचे. सहांपैकी चार विदर्भात, दोन पश्चिमेकडे. खानदेशात एकही नाही. चोपड्याच्या कुटुंबाने ताडोबाचा बेत केला तर एका बाजूचाच प्रवास पाचशे किलोमीटरहून अधिक होतो. त्यात जिप्सीचे भाडे, प्रवेशशुल्क, मार्गदर्शकाचे मानधन आणि फाटकाजवळच्या निवासाचा दर मिळवला, म्हणजे मध्यम पगाराच्या माणसाने दोनदा विचार करावा असा आकडा होतो. आणि एवढे करून पदरी काय पडते? वाघ दिसला तर पाच मिनिटांचा वाघ आणि वीस गाड्यांची धूळ. न दिसला तर नुसतीच धूळ.

ही अतिशयोक्ती वाटत असेल तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातील प्रसंग आठवावा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी तेथे एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी कोंडले. चित्रफीत सर्वत्र फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, काही चालक-मार्गदर्शकांवर कारवाई झाली. परंतु दोष केवळ चालकाचा मानणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. पाठीमागे बसलेल्या ज्या प्रवाशांनी ‘जरा पुढे घ्या’ म्हटले असेल, त्यांचाही त्यात वाटा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबवले होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा गाभ्याच्या वीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र पर्यटनासाठी वापरू नये, असा मार्गदर्शक नियम झाला. नियम योग्यच होता. पण इच्छुकांची संख्या दरवर्षी वाढत असताना ज्या रस्त्यांवर त्यांना फिरायचे ते मोजकेच राहणार, म्हणजे रांग लांबत जाणार, हेही त्यात आलेच.

येथे एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. राष्ट्रीय उद्यानच कशासाठी? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य असे दोन निरनिराळे दर्जे आहेत. राष्ट्रीय उद्यानात चराईला वाव नाही आणि लोकांचे जुने हक्क तेथे उरत नाहीत. अभयारण्यात त्यांतील काही हक्क चालू ठेवता येतात. हा फरक जमिनीच्या मालकीचा आणि वापराचा आहे, सौंदर्याचा नव्हे. पण आपल्याकडे ‘राष्ट्रीय’ हा शब्द ऐकला की माणसे त्याला पहिला वर्ग समजतात आणि अभयारण्याला दुसरा. त्या दुसऱ्या वर्गातले एक स्थळ चोपड्याच्या ईशान्येला, सकाळी निघून न्याहारीच्या वेळेला पोहोचता यावे इतक्या अंतरावर आहे.

यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झाले. म्हणजे वन्यजीवांचा आजचा कायदा होण्याच्याही आधी. क्षेत्र सुमारे १७८ चौरस किलोमीटर. उत्तरेला मध्य प्रदेशाची सीमा, दक्षिणेला यावल-रावेरच्या केळीच्या बागा. पाल हे त्याचे परिचित प्रवेशस्थान. आत लंगडा आंबा, जामन्या, गाडऱ्या ही पावरा-बारेला वस्तीची गावे. सुकी आणि अनेर या नद्यांचे पाणलोट येथलेच. पश्चिमेला, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या शिवेवर, अनेर धरणाभोवतीचे सुमारे ८३ चौरस किलोमीटरचे छोटे अभयारण्य १९८६ मध्ये झाले. अडावदजवळचे उनपदेवचे गरम पाण्याचे झरे चोपड्याच्या प्रत्येक शाळेच्या सहलीला ठाऊक आहेत. त्यांच्यामागचा डोंगर मात्र फारच थोड्या विद्यार्थ्यांनी चढून पाहिला असेल.

फाल्गुनात या रानाचे रूप पाहण्यासारखे असते. सागाची पाने गळून गेलेली, त्यामुळे डोंगराची हाडे दिसतात; आणि त्या करड्या पार्श्वभूमीवर पळस व काटेसावर पेटलेले. पहाटे मोहाची फुले टपटपतात आणि वस्तीतील बायका-मुले टोपल्या घेऊन झाडाखाली बसलेली असतात. सालईच्या पांढुरक्या खोडांची साल कागदासारखी सुटते. कोरड्या उतारावर अंजन उभा असतो, ज्याचे लाकूड देशातील सर्वांत जड लाकडांपैकी एक. झुडपे विरळ झालेली असल्याने पक्षी दिसतात. ऐन मे महिन्यात येथे येणाऱ्यास यातले काहीच सापडत नाही, आणि मग तो ‘यावलात काही नाही’ असे सांगत परततो.

वाघ मात्र येथे सहज दिसणारा नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. तो का दिसत नाही, यालाही खानदेशचा स्वतःचा इतिहास आहे. १८२५ साली जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभी केली. तिचे ठाणे चोपड्याच्या दक्षिणेला, तापीपलीकडे धरणगावी होते. हा औट्रम पुढे १८५७च्या लखनौच्या लढायांमुळे प्रसिद्धीस आला, परंतु खानदेशात त्याची ख्याती शिकारीची होती. दहा वर्षांत त्याच्या सहभागाने मारल्या गेलेल्या वाघांची नोंद दोनशेच्या घरात जाते. एका अधिकाऱ्याच्या बंदुकीभोवती दहा वर्षांत दोनशे वाघ सापडावेत, एवढे हे रान तेव्हा भरलेले होते. पुढे इमारती लाकूड, रेल्वे, शेती आणि राहिलेली शिकार यांनी उरलेले काम पुरे केले. आज वाघाचा वावर पूर्वेकडे, मुक्ताईनगर तालुक्यात आहे. मेळघाटातून अंबाबरवामार्गे येणारे वाघ तेथल्या वढोद्याच्या जंगलात आणि भोवतीच्या शेतांत वावरतात. २०१४ साली तेथे मुक्ताई-भवानी हे संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. यावलचे रान त्याच साखळीतील पश्चिमेकडचा दुवा आहे. दुवा तुटला तर वाघाला पुढे वाट नाही.

परंतु यावलच्या सातपुड्याकडे वाघाहून दुर्मीळ असे एक धन आहे, आणि त्याची कथा खानदेशच्या शिक्षकांनी वर्गात सांगावी अशी आहे. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीतला वीतभर उंचीचा पक्षी. त्याचा पहिला नमुना आजच्या छत्तीसगडमध्ये १८७२ साली मिळाला. अमेरिकेत जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले तेही याच वर्षी. पुढे डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने खानदेशातून त्याचे आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र हा पक्षी जणू नाहीसा झाला. विसाव्या शतकात तो गुजरातेत मिळाल्याची एक नोंद होती, आणि तिच्या आधारे लोक तो भलत्याच ठिकाणी शोधत राहिले. ती नोंद बनावट निघाली. मायनर्ट्झहागेन या नामांकित पक्षितज्ज्ञाने संग्रहालयातील जुना नमुना लांबवून त्यावर नवी चिठ्ठी डकवली होती. तो लबाडीचा धागा उलगडून पामेला रासमुसेन आणि त्यांचे दोन सहकारी मूळच्या जागी शोधायला आले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाउजेडी, निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला दिसला. एकशे तेरा वर्षांनी. त्यानंतरच्या पाहण्यांत तो तोरणमाळ, मेळघाट आणि यावलच्या रानातही आढळला. हा पक्षी इतर घुबडांसारखा निशाचर नाही. सकाळच्या उन्हात तो उघड्या फांदीवर बसतो. म्हणजे पानगळीचा फाल्गुन हाच त्याला पाहण्याचा काळ, आणि त्यासाठी जिप्सी लागत नाही, पाय लागतात. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला बोलावण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे, कारण हे त्याच्या विणीचेही दिवस असतात.

तेव्हा गर्दीविना अरण्य हवे असेल तर ते शेजारीच आहे, असे म्हणून हा विषय संपवता आला असता. तसे करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. यावल निर्मनुष्य आहे, पण ते सुखरूप आहे म्हणून नव्हे. ज्या वनाकडे कोणी पाहत नाही, तेथे काय होते हे कोणाला कळतही नाही. गेल्या काही दशकांत या अभयारण्याच्या उतारांवरून झाडे तोडली गेली, नव्या शेतांसाठी जमिनी मोकळ्या झाल्या, धावड्याच्या आणि सालईच्या खोडांना डिंकासाठी निर्दयपणे घाव घातले गेले. वनकर्मचारी आणि तोडणारे यांच्यात चकमकी झाल्या. ताडोबात एखादी वाघीण लंगडली तर दुसऱ्या दिवशी ते पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांत येते. यावलमध्ये डोंगराची एक बाजू उघडी पडली तरी तिची बातमी जिल्ह्याच्या पानापलीकडे सहसा जात नाही.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि त्यांतील एकच सांगणे अन्यायाचे होईल. २००६च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासींचा हक्क मान्य केला. हा उपकार नव्हता. इंग्रजी अमदानीपासून झालेल्या अन्यायाची ती उशिराची कबुली होती. जामन्या-गाडऱ्याच्या पावरा कुटुंबाला अतिक्रमक म्हणणे, म्हणजे घरमालकाला चोर ठरवण्यासारखे आहे. पण त्याच कायद्याच्या आडोशाने मुदतीनंतर नव्याने रान तोडून जुना ताबा दाखवण्याचे प्रकार झाले, तेही खोटे नाहीत. या दोहोंतील फरक कागदावर नव्हे, जागेवर जाऊन कळतो. दाव्यांचा निवाडा रखडला की दोघांचेही फावत नाही. फावते ते रात्री लाकूड उतरवणाऱ्याचे. खऱ्या हक्कदाराच्या हाती पट्टा पडला आणि गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तर तेच गाव पहिले राखणदार होऊ शकते.

चोपड्याच्या कारकुनाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उत्तर त्याच्या विहिरीत आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा एक लांबच लांब पट्टा पसरला आहे. भूजलतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी या पट्ट्यात मुरते आणि तेथून खाली चोपडा, यावल, रावेरच्या गाळाच्या जमिनीखाली पोहोचते. त्याच पाण्यावर देशभर जाणारी येथली केळी उभी आहे. उतार उघडे पडले की पाणी मुरण्याऐवजी धावते. विंधनविहिरींची खोली दर पिढीला वाढत का गेली, याचे कारण केवळ पंपांत शोधून चालणार नाही. उपसा प्रचंड आहेच, पण वरून भरणारा हातही थकला आहे.

मग माणसे गेल्याने रान वाचते काय? यावर सरळ होकार देता येत नाही. मनुदेवीच्या आणि उनपदेवच्या यात्रेनंतर ओढ्यात काय उरते हे ज्यांनी पाहिले आहे, ते पर्यटनवाढीच्या घोषणेला घाबरतील आणि त्यांचे घाबरणे रास्त आहे. यावलचा दुसरा ताडोबा करणे हा उपाय नव्हे. तेथे वाघाच्या नावावर चालणारी बाजारपेठ नाही, आणि तसा बाजार नसणे हेच या रानाचे भाग्य समजावे. पण शंभर माणसांनी एका दिवशी येऊन गोंधळ घालणे आणि दहा माणसांनी वर्षभर अधूनमधून येऊन पाहत राहणे, यांत मोठा फरक आहे. दहा माणसे नावे लक्षात ठेवतात. मागच्या फाल्गुनात येथे धावडा होता, यंदा नुसते खुंट आहे, हे त्यांना कळते. ती माहितीच्या अधिकाराचा अर्ज करतात, वृत्तपत्रात पत्र लिहितात, आमदाराला प्रश्न विचारायला लावतात. त्यांच्यासाठी वाट दाखवणारा पावरा तरुण दोन पैसे मिळवतो आणि त्या वाटेवरचे झाड उभे राहण्यात त्याचाही हितसंबंध तयार होतो.

शासनानेही थोडे करायला हवे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणांवर नागरिकांना बसवण्याची पद्धत राज्यातील वनांत रुळली आहे. अशाच तऱ्हेने फाल्गुनातील आठवडाअखेरीस, स्थानिक मार्गदर्शकांसह, मोजक्या माणसांच्या पायी फेऱ्या पालहून काढता येतील. त्यासाठी कोटींचा आराखडा लागत नाही. विश्रामगृहाची खोली बदलीवर आलेल्या साहेबांच्या पाहुण्यांआधी शिक्षकाला मिळावी, मार्गदर्शकाचे मानधन ठरलेले असावे, आणि चोपड्याहून सकाळी सुटणारी एखादी एस.टी. संध्याकाळी परत आणणारी असावी, एवढ्यावर पुष्कळ भागेल.

ज्यांना राष्ट्रीय उद्यानच पाहायचे आहे त्यांनी गुगामल निवडावे. मेळघाट हा १९७३-७४ साली देशात निवडलेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक, आणि गुगामल हा त्याचा गाभा. तेथल्या डोंगरदऱ्यांत वाघ आहेत, पण सहसा दिसत नाहीत, म्हणूनच फोटोसाठी येणारा तेथे फार रमत नाही. सेमाडोह-कोलकासला सिपना नदीच्या काठी फाल्गुनातली सकाळ निवांत जाते. दक्षिणेकडे जायचे असेल तर चाळीसगावचे पाटणादेवी आणि १९८६ साली घोषित झालेले गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे. त्याच्या कुशीत पाटण गावी भास्कराचार्यांच्या नातवाने स्थापलेल्या मठाचा शिलालेख आहे, हे गणिताच्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखे. आणि ज्याला वाघच हवा, त्याने मुकाट्याने ताडोब्याच्या रांगेत उभे राहावे. फक्त गर्दीबद्दल तक्रार करू नये.

सातपुड्यात जाणाऱ्याने एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवली पाहिजे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या हिशेबी आगीचा हंगाम आहे. मोहाची फुले वेचायला सोपे जावे म्हणून पेटवलेला पाचोळा, मेंढपाळाची चूल, सहलीच्या मंडळींची विडी, यांतील कोणतीही एक ठिणगी डोंगर रात्रभर धुमसत ठेवते. होळीच्या आसपास चोपड्याच्या गच्चीवरून त्या निळ्या रेघेवर कधी कधी नारिंगी माळ दिसते. मुले ती दिवाळीसारखी पाहतात.

त्याच आठवड्यात डोंगरपट्ट्यातील गावांत भोंगऱ्याचे बाजार भरतात. पावरा-बारेला कुटुंबे होळीची खरेदी करायला ढोल घेऊन उतरतात, आणि एरवी सुन्या असणाऱ्या वाटांवर चालायला जागा राहत नाही. गर्दी टाळण्यासाठी आलेल्या पाहुण्याने त्या दिवशी वाटेच्या कडेला उभे राहून त्यांना आधी जाऊ द्यावे. कॅमेरा पिशवीत राहिला तरी चालेल.